साथ आली, तरी गोळी चुकू नये

९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले करोनाबाधित पुण्यात आढळले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर अवघ्या १६ दिवसांत शहर, राज्य आणि देश बंद झाला. टाळेबंदीच्या आदेशात दवाखाने, रुग्णालये आणि औषधांची दुकाने अत्यावश्यक सेवांत मोडत होती. कागदावर पाहिले, तर मानसिक आजाराच्या रुग्णासाठी काहीच बंद झाले नव्हते. मनोविकारतज्ज्ञाला दवाखाना उघडण्याची मुभा होती, कोपऱ्यावरचे मेडिकल सुरू होते आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे दारही उघडे होते.

पण त्या दारापर्यंत पोहोचायचे कसे? पीएमपीच्या बस सामान्य प्रवाशांसाठी थांबल्या, त्या सप्टेंबर उजाडेपर्यंत. रिक्षा नाहीत, एसटी नाही. दौंड, इंदापूर किंवा भोरहून दर महिन्याला औषध न्यायला येणाऱ्या माणसाचे पुणे एकदम लांब गेले. एप्रिलमध्ये मध्य पेठांतले रस्ते पत्रे आणि बांबू लावून बंद झाले. ताप-खोकल्याच्या रुग्णाला पोलीस लगेच वाट देत. ‘मनाच्या आजाराच्या गोळ्या आणायला चाललोय’ असे नाक्यावर सांगण्याचे धाडस मात्र फार थोड्यांत होते.

मानसिक आरोग्यसेवा म्हणजे डॉक्टर, औषध, रक्ततपासणी, प्रवास, घरातला सांभाळणारा माणूस, दिवसाचा ठरलेला क्रम अशा अनेक कड्यांची साखळी. एक कडी निखळली तरी आजार डोके वर काढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या जून ते ऑगस्टदरम्यान १३० देशांत केलेल्या पाहणीत ९३ टक्के देशांनी एक किंवा अधिक अत्यावश्यक मानसिक आरोग्यसेवा विस्कळीत झाल्याचे सांगितले. समुपदेशन आणि मानसोपचार ६७ टक्के देशांत कोलमडले होते, तर औषधे मिळण्यात ३० टक्के देशांत अडथळे आले होते. साथीच्या काळात ताण, एकटेपणा, भीती यांवर खूप बोलले गेले आणि ते योग्यच होते. पण ज्यांचा आजार आधीपासून होता, ज्यांची तब्येत रोजच्या दोन गोळ्यांवर टिकून होती, त्यांच्याविषयी त्या मानाने कमी बोलले गेले.

गोळी चुकली तर काय होते?

रक्तदाबाची गोळी दोन दिवस राहिली तर काय होईल, याचा साधारण अंदाज लोकांना असतो. मानसिक आजाराच्या औषधांबाबत गैरसमज जास्त. ‘आता बरे वाटतेय, चार दिवस नाही घेतली तर काय बिघडते?’ हा प्रश्न टाळेबंदीपूर्वीही घरोघरी विचारला जाई. स्किझोफ्रेनियात औषध थांबले की लगेच त्रास होतोच असे नाही. काही आठवडे बरे जातात, मग झोप उडते, संशय वाढतो, आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात. तोवर गोळी चुकल्याचा आणि आताच्या त्रासाचा संबंध घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

बायपोलर आजारात लिथियम अचानक थांबवले, तर उन्मादाचा झटका उलटून येण्याचा धोका मोठा असतो. नैराश्यावरची काही औषधे एकदम सोडली, तर गरगरणे, चिडचिड, अंगात वीज चमकल्यासारखे होणे असे त्रास होतात. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन अचानक बंद केल्या, तर फिटसुद्धा येऊ शकते.

त्यात साथीच्या आजाराने वेगळीच गुंतागुंत आणली. लिथियमचे रक्तातले प्रमाण अगदी अरुंद पट्ट्यात राखावे लागते. ताप, जुलाब, कमी पाणी पिणे यांमुळे ते वाढू शकते आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके ते आणखी वाढवतात. म्हणजे करोनाचा ताप आलेल्या लिथियमच्या रुग्णाने अंगदुखीसाठी मेडिकलमधून हाताला येईल ती गोळी घेतली, तर विषबाधेपर्यंत वेळ येऊ शकते. अशा रुग्णासाठी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी हा सुरक्षित मार्ग, आणि सोबत डॉक्टरांना फोन.

इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन हे औषध दिले जाते. त्याने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढेही नियमित रक्ततपासणी करावी लागते. प्रयोगशाळेत जाणेच जोखमीचे झाले तेव्हा काय करायचे? २०२० मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सुचवले, की वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्या आणि पेशी कधीच न घटलेल्या रुग्णांची तपासणी तीन महिन्यांनी केली तरी चालेल. पण ताप आला, तर मात्र तातडीने तपासणी हवी. नियम कुठे सैल करायचा आणि कुठे अजिबात करायचा नाही, हे अनुभवाच्या आधारे ठरवून दिल्यामुळे अनेकांचे औषध थांबले नाही.

क्लोझापिनबाबत आणखी एक गोष्ट अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत हे औषध झपाट्याने निकामी करते, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याला मात्रा जास्त लागते. टाळेबंदीत पानटपऱ्या बंद झाल्या आणि धूम्रपान सुटले, तर तीच मात्रा अंगावर येऊ शकते. अतिझोप, लाळ गळणे, तोल जाणे ही तिची लक्षणे. एरवी सिगारेट सुटणे ही आनंदाची बातमी, पण या रुग्णांच्या बाबतीत ती डॉक्टरांनाही कळवावी लागते.

दारूची दुकाने बंद झाली तेव्हा

मार्चच्या अखेरच्या आठवड्यात दारूची दुकाने बंद झाली, तेव्हा ‘बरे झाले, आता सुटेल’ असे अनेकांना वाटले. वैद्यकशास्त्र वेगळे सांगते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, की पहिल्या दिवसातच हात थरथरणे, घाम, अस्वस्थता सुरू होते. दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतात, नसलेली माणसे दिसू लागतात, वेळ-जागेचे भान सुटते. ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ नावाच्या या अवस्थेवर वेळीच उपचार झाले नाहीत, तर मृत्यूही ओढवतो. ही वैद्यकीय आणीबाणी आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. पण त्या आठवड्यात रुग्णालयांचे सारे लक्ष तापाकडे होते.

केरळमध्ये दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या. तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि २ एप्रिल २०२० रोजी केरळ उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. ४ मेपासून दुकाने उघडण्याची मुभा मिळताच रांगा लागल्या आणि त्यांची समाजमाध्यमांवर भरपूर थट्टा झाली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मधल्या निर्बंधांत, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जणांचा मृत्यू झाला. व्यसन हा आजार आहे, हे मान्य न केल्याची किंमत अशी मोजावी लागते.

पुण्याला हा विषय नवा नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले आणि व्यसनमुक्तीला घराघरातल्या बोलण्यात आणले. तिथल्या उपचारांचा गाभा म्हणजे समूहोपचार, कुटुंबाचा सहभाग, पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गट आणि घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा. हे सगळे माणसांनी माणसांजवळ बसण्यावर उभे असते. साथीने नेमके तेच अवघड केले. निवासी केंद्रांपुढचा पेचही मोठा होता. नवा रुग्ण घेतला तर आतल्या सगळ्यांना संसर्गाचा धोका, नाही घेतला तर तो रस्त्यावर. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका जगभर ऑनलाइन भरू लागल्या. ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि डेटा होता, त्याला त्यातून आधार मिळाला.

फोनवरचा दवाखाना

२५ मार्च २०२० हा देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. त्याच दिवशी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तोवर फोनवर औषध लिहून देणे हा कायद्याचा धूसर प्रदेश होता. आता नियम स्पष्ट झाले. जुन्या रुग्णाची तीच औषधे पुढे चालू ठेवायची, तर फोनवरचे बोलणे पुरेसे. पहिल्याच भेटीत काही औषधे लिहायची असतील, तर व्हिडिओवर रुग्ण पाहणे आवश्यक. पाठोपाठ बेंगळुरूची निम्हान्स, इंडियन सायकियाट्रिक सोसायटी आणि टेलिमेडिसिन सोसायटी ऑफ इंडिया यांनी मिळून मनोविकारतज्ज्ञांसाठी वेगळी कार्यपद्धती तयार केली.

मनोविकारशास्त्राला हे माध्यम मानवणारे होते, कारण इथे तपासणीचे मुख्य साधन संवाद हेच आहे. नोकरीमुळे येऊ न शकणारे, दवाखान्याबाहेर ओळखीचे कोणी दिसेल म्हणून टाळणारे, पुण्याबाहेर राहणारे असे अनेक जण फोनमुळे उपचारांत टिकले.

पण मर्यादाही लगेच दिसल्या. अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे टेलिमेडिसिनच्या मनाई यादीत होती. एकाग्रतेच्या विकारासाठी मुलांना दिले जाणारे मिथाइलफेनिडेट त्यांपैकी एक. ती औषधे लिहून घ्यायला प्रत्यक्ष जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. लिथियमच्या रुग्णाच्या हाताची थरथर, जुन्या औषधांमुळे आलेला स्नायूंचा ताठरपणा किंवा वाढलेले वजन फोनवर कळत नाही. झटका आलेला रुग्ण तर स्क्रीनसमोर बसतच नाही.

सर्वांत मोठी अडचण होती खासगीपणाची. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे चोवीस तास कोंडलेली असताना ‘मला मरावेसे वाटते’ हे वाक्य कुठे उच्चारायचे? नवऱ्याची मारहाण हेच दुःखाचे कारण असेल आणि घरात फोन एकच, तोही त्याच्या खिशात, तर समुपदेशकाशी बोलायचे कसे? फोनवरच्या समुपदेशनात म्हणूनच काही साध्या युक्त्या महत्त्वाच्या ठरतात. आधी ‘आता बोलणे सुरक्षित आहे का’ असे विचारणे, हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न करणे, पाणी भरायला किंवा दळण आणायला बाहेर पडण्याची वेळ ठरवून घेणे.

भिंतीआडचे रुग्ण

राज्यात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांत येरवड्याचे सर्वांत मोठे, मंजूर खाटा २५४०. अशा ठिकाणी साथीचे नियम पाळणे किती कठीण, याची कल्पना बाहेरून येत नाही. वॉर्ड सामायिक, जेवण सामायिक, स्नानगृहे सामायिक. काही रुग्ण मास्क ठेवत नाहीत, काहींना त्रास होत असला तरी तो सांगता येत नाही. अनेकांना वर्षानुवर्षे घरून कोणी न्यायलाच आलेले नसते.

धोका किती गंभीर होता, हे दक्षिण कोरियाने फेब्रुवारी २०२० मध्येच दाखवले होते. चेओंगदो इथल्या रुग्णालयाच्या बंदिस्त मनोविकार विभागात शंभराहून अधिक रुग्ण होते आणि त्यांतल्या जवळपास सगळ्यांना लागण झाली. त्या देशातला करोनाचा पहिला मृत्यूही तिथलाच. पुढे न्यूयॉर्कमधल्या सात हजारांहून अधिक करोनाबाधितांच्या अभ्यासात आढळले, की स्किझोफ्रेनिया असलेल्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या अडीच पटींहून अधिक होता. तिथे वयाच्या खालोखाल हाच घटक जोखमीचा ठरला.

तरीही लसीकरण १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले, तेव्हा या रुग्णांना प्राधान्यगटात जागा नव्हती. नोंदणीसाठी ओळखपत्र हवे. रस्त्यावरून आणलेल्या, नावही सांगता न येणाऱ्या माणसाकडे आधार कार्ड कुठून येणार? ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्राने वेगळी पद्धत ठरवली ती मे २०२१ मध्ये आणि त्यात मानसिक आरोग्य संस्थांतल्या रुग्णांचा उल्लेख आला. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संस्थांमधल्या सर्वांच्या चाचण्या आणि लसीकरणासाठी कालबद्ध आराखडा करण्यास सांगितले. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती.

वस्तीतला आधार

साखळी जिथे टिकली, तिथे बहुधा कोणीतरी जवळचे माणूस आधीपासून होते. पुण्यातल्या बापू ट्रस्टचा ‘सेहेर’ हा उपक्रम शहराच्या वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचे काम करतो. समुपदेशनाबरोबर पोषण, शेजार आणि आधार देणाऱ्या माणसांचे वर्तुळ यांनाही त्यात तेवढेच महत्त्व आहे. घरात रेशन नसेल, तर श्वासाचे व्यायाम शिकवून उपयोग नाही, हे वस्तीत काम करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजेच ‘सा’, धायरीत पुनर्वसन केंद्र चालवते. अशा केंद्रात सकाळी ठरल्या वेळी जाणे, चार माणसांत काम करणे हाच औषधाइतका महत्त्वाचा उपचार असतो. गर्दीवरच्या निर्बंधांत तो थांबतो आणि रुग्णाचा दिवस विस्कटतो. त्या काळात नातेवाइकांचे स्वमदत गट ऑनलाइन भेटत राहिले, तर निदान ‘आपण एकटे नाही’ एवढा धीर टिकतो.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आयएलएस संस्थेतले मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र ‘आत्मीयता’ हा प्रकल्प चालवते. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू होऊन तो पुढे गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात विस्तारला. गावातल्याच स्वयंसेवकांना ऐकून घेण्याचे, साधे समुपदेशन करण्याचे, गरजेनुसार डॉक्टरांकडे पाठवण्याचे आणि सरकारी योजना मिळवून देण्याचे प्रशिक्षण दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जगभरातल्या चांगल्या समुदाय-आधारित सेवांची उदाहरणे दिली, त्यांत ‘आत्मीयता’ आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. प्रवास बंद झाल्यावर असा गावातलाच माणूस सेवेची पहिली कडी ठरतो.

पुढच्या वेळेसाठी

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे २२,२०७, महाराष्ट्रात होत्या. देशभरात २०२१ मध्ये आत्महत्या केलेल्यांपैकी दर चौथी व्यक्ती रोजंदारीवर काम करणारी होती. आत्महत्येमागे एकच कारण नसते आणि हे आकडे सर्वस्वी साथीच्या नावावर टाकता येणार नाहीत. पण उत्पन्न, आधार आणि उपचार हे तिन्ही एकाच वेळी सुटले, तर काय होऊ शकते, याचा इशारा त्यांत आहे.

करण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून पुढच्या सर्व सरकारी संस्थांत सदैव मोफत मिळायला हवीत. ही तरतूद तालुक्यात खरोखर अमलात असेल, तर इंदापूरच्या रुग्णाला येरवड्यापर्यंत यावेच लागणार नाही. आणीबाणी जाहीर होताच दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देण्याचा नियम आधीच ठरलेला असावा. दारूबंदीसदृश निर्णय घेण्याआधी रुग्णालयांत दारू सुटतानाच्या त्रासासाठी खाटा आणि औषधे तयार हवीत. लसीकरणाच्या पहिल्या यादीत मनोरुग्णालये हवीत. आणि यासाठी स्वतंत्र पैसा हवा. २०२० च्या त्याच पाहणीत ८९ टक्के देशांनी मानसिक आरोग्य हा साथनियंत्रण आराखड्याचा भाग असल्याचे सांगितले होते, पण त्यासाठी लागणारा पूर्ण जादा निधी होता फक्त १७ टक्के देशांकडे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा त्या काळातूनच उभी राहिली. फोन करणाऱ्याला पुढे जिल्ह्यातल्या डॉक्टरपर्यंत आणि औषधापर्यंत नेण्याचे काम जितके पक्के होईल, तितका तिचा उपयोग.

घरात मानसिक आजाराचा रुग्ण असेल, तर

• साथ, पूर किंवा संप केव्हाही येऊ शकतो. किमान दोन आठवड्यांची औषधे शिल्लक ठेवा. मात्र आत्महत्येचे विचार येत असतील, तर हा साठा रुग्णाच्या हाती न ठेवता घरच्यांनी कुलपात ठेवावा.

• चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा. औषधाच्या ब्रँडबरोबर त्याचे मूळ नावही लिहून घ्या, म्हणजे ब्रँड मिळाला नाही तरी औषध मिळेल.

• लिथियम किंवा क्लोझापिन सुरू असेल, तर ताप आल्यावर काय करायचे, हे आजच डॉक्टरांना विचारून ठेवा.

• झोप कमी होणे, बोलणे वाढणे किंवा एकदम तुटणे, संशय, जेवण टाळणे ही लक्षणे आजार उलटण्याची पूर्वसूचना असू शकतात. वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

• सांभाळणारी व्यक्तीच रुग्णालयात दाखल झाली, तर औषध कोण देईल, हे ठरवून ठेवा. कायद्यानुसार रुग्ण आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत, याची इच्छा आधीच लिहून ठेवू शकतो.

• मनात मरणाचे विचार येत असतील, स्वतःच्या किंवा जवळच्या कोणाच्या, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही सेवा चोवीस तास सुरू असते आणि मराठीतूनही बोलता येते.